विश्वाची मोजणी आणि सव्वातीन गुंठ्यांचा फरक

गेल्या हिवाळ्यात खानापूर तालुक्यातील एका गावी विश्वाच्या उत्पत्तीवर बोलण्याचा योग आला. देवळाच्या सभामंडपात पन्नास-साठ माणसे सतरंजीवर बसली होती, पडद्याच्या जागी पांढरे धोतर ताणून बांधले होते, आणि मी गेली अनेक वर्षे करत आलो तेच केले. एका फुग्यावर शाईचे ठिपके काढले, फुगा फुगवला आणि ठिपके एकमेकांपासून दूर जाताना दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आभारप्रदर्शनाच्या आधी मागच्या खांबाला टेकून बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठले. मोजणी खात्यात त्यांची हयात गेली होती, हे मला नंतर कळले. ते म्हणाले, "सर, सगळं ऐकलो. पण मोजणी कुठल्या दगडापासनं धरलासा, तेवढं सांगितला नाही."

त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. बेळगावला परतताना मात्र लक्षात आले की त्यांनी विचारलेला प्रश्न हाच विश्वरचनाशास्त्राचा मूळ प्रश्न आहे, आणि आम्ही शिक्षक, व्याख्याते व विज्ञानलेखक नेमका तोच गाळून बाकीचे सगळे सांगत आलो आहोत. विश्वाचा आकार आणि विस्तार यांचे जे प्रतिमान, म्हणजे जो गणिती आराखडा, आज शास्त्रज्ञ वापरतात, ते लोकांसमोर सृष्टीच्या कथेसारखे मांडू नये, मोजणीसारखे मांडावे. म्हणजे आधाररेषा कोणती, साखळी कोणती, कशाला गृहीत धरले, आणि दोन मोजण्यांत फरक किती पडतो, हे सारे उघड सांगून मांडावे, असे माझे मत आहे. असे केल्याने लोकांचा विज्ञानावरचा विश्वास डळमळेल अशी भीती काही सहकारी व्यक्त करतात. ती भीती निदान आपल्या भागापुरती तरी निराधार आहे, हे मला दाखवायचे आहे.

सीमाभागात विज्ञान ऐकायला माणसे येत नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून हिवाळ्यात साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, शेतातली कामे आटोपून माणसे मंडपात येऊन बसतात आणि कवितेइतक्याच निष्ठेने इतिहासाचे व्याख्यानही ऐकतात. त्या मांडवात विश्वाबद्दल एखादा वक्ता उभा राहिला तर तो बहुधा दोहोंपैकी एका प्रकारचा असतो. एक जण सगळे पक्के ठरले आहे अशा थाटात तेराशे ऐंशी कोटी वर्षांची गोष्ट सांगतो. दुसरा म्हणतो की शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी मत बदलतात, आणि आपल्या पुराणांत ब्रह्मदेवाचा दिवस चारशे बत्तीस कोटी वर्षांचा सांगितलेला आहेच. पहिल्याच्या बोलण्यात मोजणी दडलेली असते, दुसऱ्याच्या बोलण्यात ती नसतेच. श्रोत्याला मात्र दोन्ही भाषणे एकाच जातीची वाटतात, कारण दोन्हीकडे आकडा वरून खाली येतो आणि तो कुठून आला हे कुणीच सांगत नाही. आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेते तेव्हा एकाएकी इंग्रजीत जाऊन पडते, आणि मराठीत त्याच्याजवळ या विषयाची म्हणून जी शिदोरी असते ती बहुतेक वेळा एका शब्दापुरतीच असते: महास्फोट.

या शब्दाने फार घोटाळा केला आहे. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरील भाषणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी 'बिग बँग' हे नाव उच्चारले, तेही स्वतःला न पटणाऱ्या सिद्धांताविषयी बोलताना. आपण त्याचे भाषांतर 'महास्फोट' असे केले. कन्नडमध्येही हाच शब्द चालतो, म्हणून इथल्या मुलांना दोन्ही भाषांत तोच धमाका ऐकू येतो. स्फोट म्हटला की तो कुठेतरी होतो, कशाच्या तरी आत होतो, त्याची वात कुणीतरी पेटवलेली असते आणि त्याचे तुकडे रिकाम्या जागेत उडतात. प्रतिमानात यातले काहीही नाही. त्यात मध्यबिंदू नाही, कड नाही आणि आधीपासून रिकामी पडलेली जागाही नाही. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, अवकाशातून उधळत नाहीत. दोन दूरच्या दीर्घिकांमधले अवकाशच ताणले जाते आणि त्यातून प्रवास करणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी त्याच प्रमाणात वाढते. हीच ताम्रसृती. हा ताण सर्वत्र जाणवतो असेही नाही. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या गोष्टी फुगत नाहीत. सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका तर सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येत आहे. बेळगाव आणि कोल्हापूर यांतले अंतरही विश्वाच्या प्रसरणामुळे वाढत नाही. सीमेवर काही बिनसले की एसटी बंद पडते आणि ते अंतर वाढल्यासारखे वाटते, पण त्याची कारणे खगोलशास्त्रात शोधू नयेत.

माझ्या फुग्यातही हीच चूक होती. शाईचा ठिपका फुग्याबरोबर स्वतःही पसरतो, म्हणजे दीर्घिकाच फुगतात असे मी इतकी वर्षे नकळत शिकवत होतो. ठिपक्यांऐवजी टिकल्या चिकटवल्या की चूक दुरुस्त होते, कारण टिकली आहे तेवढीच राहते आणि तिच्याभोवतीचे रबर ताणले जाते. तरी फुग्याला आत-बाहेर असते ही खोट उरतेच, आणि ती टाळ्या वाजण्याच्या आधी सांगितली पाहिजे. घरच्या उदाहरणात मला इडलीचे आंबलेले पीठ त्यातल्या त्यात बरे वाटते. रात्री त्यात मोहरीचे दाणे मिसळून ठेवले तर सकाळी प्रत्येक दाण्याला बाकीचे सगळे दाणे लांब गेलेले दिसतात, दूरचे अधिक, जवळचे कमी, आणि कुठलाच दाणा मधोमध असल्याचा दावा करू शकत नाही. पातेल्याच्या काठाची खोट इथेही आहे. उदाहरण जिथे तुटते ती जागा दाखवणे हाही शिकवण्याचाच भाग आहे, असे आता मला वाटते.

आता त्या गृहस्थांच्या दगडाकडे येतो. प्रतिमान दोन गृहीतकांवर उभे आहे. खूप मोठ्या मापाने पाहिले तर विश्व सर्वत्र सारखे आहे, हे पहिले. आणि कुठल्याही दिशेला पाहिले तरी सारखे आहे, हे दुसरे. जवळून पाहता ही गोष्ट उघड खोटी दिसते. आपल्या एका जिल्ह्यातच कणकुंबीचा कोसळणारा पाऊस आणि अथणीकडची कोरडी माळराने आहेत, मग विश्व एकजिनसी कसे म्हणावे? पण तीस-बत्तीस कोटी प्रकाशवर्षांच्या चौकोनी ठोकळ्यांत विश्व विभागले तर एका ठोकळ्यात जेवढे द्रव्य, जवळपास तेवढेच शेजारच्यात आढळते. ही दोन गृहीतके आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात घातली की समीकरणांचे ओझे चकित व्हावे इतके हलके होते. विश्वाचा सगळा इतिहास काळाबरोबर बदलणाऱ्या एका मापगुणकात मावतो, आणि आकारासाठी तीनच पर्याय उरतात: गोलासारखी धन वक्रता, खोगिरासारखी ऋण वक्रता किंवा सपाट. कुठला पर्याय खरा, हे द्रव्य आणि ऊर्जेची घनता ठरवते. सपाट विश्वाला लागणारी घनता किती, तर एका घनमीटरमागे हायड्रोजनचे पाच-सहा अणू एवढीच.

आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये स्वतः हे गणित केले तेव्हा त्यांना विश्व स्थिर हवे होते, म्हणून त्यांनी समीकरणात एक स्थिरांक घातला. रशियाच्या फ्रीडमान यांनी १९२२ मध्ये दाखवले की विश्व हलते धरले तरी समीकरणे सुटतात. बेल्जियमचे धर्मगुरू असलेले लमेत्र १९२७ मध्ये त्याच निष्कर्षावर पोचले आणि त्यांनी तो दीर्घिकांच्या निरीक्षणांशी जोडला. हबल यांचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी आला. दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगाने ती लांब जाते, हा तो नियम. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली, तरी आपल्या व्याख्यानांत अजून एकटे हबलच असतात.

सीमाभागात कुठेही विश्वावर बोललो की एक प्रश्न हमखास येतो: "त्याच्या पलीकडं काय असतंय?" ज्यांच्या दोन-तीन पिढ्या हद्द, रेषा आणि महाजन आयोग हेच शब्द ऐकत वाढल्या, त्यांनी विश्वाचीही हद्द विचारावी यात नवल नाही. पण आकार जाणून घ्यायला हद्दीवर जाऊन उभे राहावे लागत नाही, आणि बाहेर जाऊन मागे वळून पाहावे लागत नाही. पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावर राहूनच मोजता येते हे गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले, आणि १८५४ मध्ये रीमान यांनी तीच कल्पना अवकाशापर्यंत नेली. गाउस स्वतः हॅनोव्हर राज्याच्या मोजणीचे प्रमुख होते, ही गोष्ट मला आता विशेष आवडू लागली आहे.

त्यांची रीत आपल्या डोंगरांवरही चालेल. राजहंसगडाचा माथा, महिपाळगडाचा माथा आणि आणखी एक तिसरा माथा घ्या. पहिला कर्नाटकात, दुसरा महाराष्ट्रात. त्रिकोणाची बाजू राज्याची सीमा ओलांडते, पण कोनांना त्याची दखल नसते. तिन्ही कोन अगदी काटेकोर मोजले तर त्यांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरेल, कारण पृथ्वी गोल आहे. किती जास्त? त्रिकोणाच्या सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक विकला, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. ही वाढ मोजणाऱ्याला पृथ्वी गोल आहे हे समजायला अवकाशयानातून तिचा फोटो काढावा लागत नाही. येळ्ळूरच्या टेकडीवर उभे राहून ते कळते.

विश्वाच्या बाबतीत त्रिकोण फार मोठा हवा, आणि निसर्गाने तो आखून ठेवला आहे. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना त्यातला तप्त वायू पारदर्शक झाला आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो. पेंझियास आणि विल्सन यांना १९६४ मध्ये तो सापडला तेव्हा त्यांनी अँटेनातली कबुतरांची घाणसुद्धा साफ करून पाहिली होती, कारण ती खरखर कुठून येते हे त्यांना उमगत नव्हते. त्या प्रारणाचे तापमान आज निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश आहे आणि त्यात लाखात एक भागाइतके बारीक चढउतार आहेत. पारदर्शक होण्याआधीच्या वायूत ध्वनीच्या लाटा किती अंतर जाऊ शकल्या हे माहीत असलेल्या भौतिकीवरून काढता येते. ते अंतर ही आपली आधाररेषा, आणि तिथून आपल्यापर्यंतचा प्रकाशाचा प्रवास या त्रिकोणाच्या दोन लांब बाजू. अवकाश धन वक्र असते तर ते डाग आकाशात मोठे दिसले असते, ऋण वक्र असते तर लहान. अंटार्क्टिकावर बलूनमधून दुर्बीण सोडून केलेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा डागांचे माप सुमारे एक अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट आढळले. सपाट अवकाशात ते तेवढेच यायला हवे होते. पुढे प्लँक उपग्रहाने, दीर्घिकांच्या मांडणीची जोड घेऊन, हा सपाटपणा हजारात दोन-तीन भागांपर्यंत पक्का केला.

सभामंडपात त्या दिवशी सांगायला हवे होते ते हे. दगड बाहेर कुठेही पुरलेला नाही, आधाररेषा आकाशातच आखलेली आहे. आणि याच जागी व्याख्यात्याने जपून बोलायला हवे, कारण 'सपाट' ऐकले की लोक 'अनंत' असे समजतात. जुन्या मोबाईलवरच्या सापाच्या खेळात साप उजव्या कडेला नाहीसा होऊन डावीकडून आत येतो. तो पडदा सपाटच असतो, तरी त्याला काठ नसतो आणि तो अनंतही नसतो. विश्वाची घडण तशी असू शकेल का, हे शोधण्यासाठी सूक्ष्मलहरींच्या नकाशात एकाच जागेच्या दोन प्रतिमा हुडकल्या गेल्या, आणि तसा पुरावा आजवर मिळालेला नाही. म्हणजे वक्रता मोजली गेली. संपूर्ण आकार मोजला गेला असे म्हणणे हा अतिरेक होईल. दिसू शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे आहे, आणि मोजणी तेवढ्या रानाची आहे.

विस्ताराची मोजणी याहून अवघड आणि त्याहून भांडखोर. तिच्यात साखळी लागते. मुंबई इलाख्यात, म्हणजे आपला जिल्हा १९५६ पर्यंत ज्यात होता त्या इलाख्यात, शंकू-साखळीने जमीन मोजत. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. लोखंडी साखळी रोज ताणून-ओढून कड्यांपाशी झिजते आणि लांबते, म्हणून ती अधूनमधून प्रमाण मापाशी ताडून पाहावी लागे. नाहीतर गावातली सगळी शेते एकाच प्रमाणात लहान भरत. खगोलशास्त्रज्ञांची साखळी अशीच कड्याकड्यांची आहे. जवळच्या ताऱ्यांचे अंतर पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीत त्यांची जागा किती सरकते त्यावरून काढतात. त्यावरून सेफिड ताऱ्यांची तेजस्विता ठरवतात, कारण हे तारे ठराविक लयीत लहानमोठे होतात आणि लय जितकी संथ तितका तारा तेजस्वी, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले होते. सेफिडवरून एका विशिष्ट जातीच्या सुपरनोव्हांचे, म्हणजे स्फोट होऊन झळाळणाऱ्या ताऱ्यांचे, तेज ठरते, आणि सुपरनोव्हा अब्जावधी प्रकाशवर्षांपर्यंत पोचवतात. पहिल्या कडीत चूक असली तर ती शेवटपर्यंत जाते.

ती गेलीही होती. हबल यांनी १९२९ मध्ये चोवीस दीर्घिकांवरून विस्ताराचा दर काढला तो सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर, दर साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांमागे. (खगोलशास्त्रज्ञ या अंतराला मेगापार्सेक म्हणतात.) हा आकडा खरा धरला तर विश्वाचे वय दोनशे कोटी वर्षांच्या आतच भरते, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे निघाले. म्हणजे आईपेक्षा लेक वयाने मोठी! १९५२ मध्ये वाल्टर बाडे यांनी सांगितले की सेफिड दोन जातींचे असतात आणि आजवर दोन्ही एकच समजले गेले होते. त्या एका दुरुस्तीने सगळी अंतरे जवळजवळ दुप्पट झाली. पुढे वीस-पंचवीस वर्षे दर ५० की १०० यावर दोन तट पडले होते, सँडेज आणि तामान एकीकडे, दे व्होकूलर दुसरीकडे, आणि एकमेकांच्या आकड्यांवर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांनी २००१ मध्ये तो वाद ७२ वर आणून ठेवला.

मग तो मिटला का? नाही. आज सूक्ष्मलहरींवरून, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून पुढे गणित करत आले की दर ६७.४ येतो, सेफिड आणि सुपरनोव्हांची साखळी टाकत इथून बाहेर गेले की एका प्रमुख गटाला २०२२ मध्ये ७३ मिळाला. दोन्ही मोजण्यांनी आपापली चुकीची शक्यता सांगितली आहे, पहिलीने अर्ध्याची, दुसरीने एकची, आणि फरक या दोन्ही शक्यता जमेस धरल्या तरी त्यांच्या सुमारे पाचपट आहे. तिसऱ्या प्रकारच्या ताऱ्यांची मदत घेणाऱ्या एका गटाला ७० च्या आसपासचे आकडे मिळतात, त्यामुळे चूक साखळीत आहे की प्रतिमानात, यावर सध्या जोरात वाद चालू आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर एकरामागे सव्वातीन गुंठ्यांचा फरक पडला आहे.

हा फरक लोकांपासून लपवावा असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी नीट समजून घेतले आहे. त्यांच्या मते अंधश्रद्धा बोकाळलेल्या काळात वैज्ञानिकांतले मतभेद चव्हाट्यावर मांडणे म्हणजे विरोधकाच्या हाती कोलीत देणे होय. आधी सोपी गोष्ट रुजू द्यावी, बारकावे नंतर. पण ज्या श्रोत्यांना आपण बाळबोध समजतो त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी बांधाची भांडणे होऊन गेलेली असतात. दोन मोजण्यांत सव्वातीन गुंठ्यांचा फरक आला म्हणून शेतच नाही असे म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. तो फेरमोजणीचा अर्ज करतो, दुसरा मोजणीदार मागतो, साखळी कुणी धरली होती आणि दगड हलवला कुणी याची चौकशी करतो. प्रसरण होते आहे की नाही, याबद्दल दोन्ही गटांत वाद नाही. वाद दराचा आहे, आणि तो शंभरातल्या आठ भागांचा आहे. १९२९ मधली चूक सातपटीची होती. ही प्रगती फरक सांगितल्याशिवाय दिसतच नाही. उलट, सगळे ठरले आहे असे आज सांगून ठेवले आणि उद्या आकडा बदलला, की तोच श्रोता दुसऱ्या वक्त्याकडे जाऊन बसतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

या चर्चेत जयंत नारळीकरांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. ते जन्माने कोल्हापूरचे, आणि मराठीतून विश्वरचना सांगण्याची वाट रुंद करणारे. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्यानंतर आपल्याकडच्या अनेक सभांतून त्यांचे स्मरण झाले, आणि त्यातल्या काही भाषणांत 'नारळीकरांनासुद्धा महास्फोट मान्य नव्हता' हे वाक्य फटाक्यासारखे उडवले गेले. वाक्य खरे आहे, वापर खोटा आहे. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या, विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या, स्थिर स्थिती सिद्धांताच्या परंपरेत ते काम करत होते, आणि सूक्ष्मलहरी सापडल्यानंतर मूळ सिद्धांत अडचणीत आला तेव्हा त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्याचे सुधारित रूप पुढे ठेवले. त्यात ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांनी शोषून पुन्हा सोडल्यामुळे ते प्रारण तयार होते, असे सांगितले होते. म्हणजे त्यांनी नुसता नकार दिला नाही, दुसरी मोजणी करून दाखवली आणि ती तपासायला खुली ठेवली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही, कारण प्रारणातल्या डागांचा बारीक आकृतिबंध प्रचलित प्रतिमानातून जितका नेमका निघतो तितका तिच्यातून निघत नाही. मलाही हा निर्णय योग्य वाटतो. प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क आणि त्यांची हरलेली मोजणी, दोन्ही एकाच भाषणात सांगता येतात, आणि तसे सांगणाराच त्यांचा खरा वाचक.

कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांच्यावरचा त्यांचा आक्षेपही असाच हाताळला पाहिजे. प्रतिमानानुसार विश्वात ओळखीचे द्रव्य सुमारे पाच टक्के. सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, आणि अडुसष्ट टक्के कृष्णऊर्जा, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी अनोळखी ऊर्जा. पंचाण्णव टक्के काय आहे हे ठाऊक नसताना हिशेब कसला, असा टोमणा ऐकायला मिळतो. पण उताऱ्यात क्षेत्र नोंदलेले असते आणि मालकाच्या रकान्यात नाव नसते, अशी जमीन आपण पाहिली आहे की नाही? कृष्णद्रव्याचे वजन दीर्घिकांच्या फिरण्यावरून आणि दीर्घिकासमूहांच्या हालचालीवरून निघते. कृष्णऊर्जा १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसल्यामुळे हिशेबात आली, तेव्हा प्रसरण वाढत्या वेगाने होते आहे हे कळले, आणि त्या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले. आइन्स्टाइन यांनी घातलेला आणि नंतर काढून टाकलेला स्थिरांक त्यासाठी परत बोलवावा लागला. तो खरोखर स्थिर आहे की काळाबरोबर बदलतो, याबद्दल २०२४ आणि २०२५ मध्ये लाखो दीर्घिकांच्या पाहणीतून शंका घ्यायला जागा मिळाली आहे. नावाचा रकाना अजून रिकामाच आहे.

मला जे हवे आहे ते फार खर्चाचे नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा रंगवलेला गोळा ठेवून त्याला 'विश्व' म्हणू नये. त्याऐवजी मुलांनी मैदानात तीन खांब रोवून कोन मोजावेत आणि बेरीज किती आली ते चुकीसकट फळ्यावर लिहावे. संमेलनात विश्वावर बोलणाऱ्याला आयोजकांनी एकच अट घालावी: प्रत्येक आकड्यामागे तो कशावरून काढला याचे एक वाक्य हवे. आणि 'महास्फोट' हा शब्द आता काढून टाकता येणार नाही हे मान्य करूनही, निदान त्याच्या शेजारी 'विस्तार' आणि 'मोजणी' हे शब्द बसवावेत, म्हणजे पीयूसीच्या इंग्रजी पुस्तकाशी गाठ पडेल तेव्हा मुलाजवळ धमाक्याखेरीज आणखी काही असेल.

त्या गावी मला पुन्हा बोलावले आहे. मी फोनवर त्या गृहस्थांना विचारले की तुमच्याकडे जुनी साखळी असेल का. आहे, म्हणाले, माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. देवळापुढच्या पटांगणात ती अंथरायची आणि तिथूनच व्याख्यान सुरू करायचे, असे आमचे ठरले. फोन ठेवण्याआधी त्यांनी आपणहून सांगितले, "दोन कड्या बदललेल्या हाईत तिच्यात. आधी फुटपट्टी लावून बघू, मग लोकास्नी दाखवू."